बेबीला तिकडे धाडलं

वकीलबाईंचा फोन आला तेव्हा दादाच्या तोंडात खिळे होते. खुर्चीच्या पाठीवर कापड ताणून धरायचं, एकेक खिळा जिभेनं ओठांवर आणायचा, चिमटीत धरून ठोकायचा, ही त्याच्या वडिलांची पद्धत. वहिनी नेहमी म्हणायची, "ह्यांच्या तोंडात खिळे असतात तेवढा वेळच ह्या घरात शांतता."

पण आजची शांतता वेगळी होती. दादाच्या बहिणीला, बेबीला, परदेशी माणसांच्या कचेरीत अडकवून ठेवल्यापासून कारखान्यात कामाखेरीज कुणी कुणाशी बोलत नव्हतं. तिच्या शिलाई मशीनवर सोफ्याची अर्धी शिवलेली खोळ तशीच पडून होती. तिला हात लावायला कुणी धजावत नव्हतं.

दादानं खिळे तळहातावर काढले आणि फोन कानाला लावला. "हं," म्हणाला. मग पुन्हा "हं." माई समोरच्या टेबलाशी जुनी खोळ उसवत बसल्या होत्या. त्यांचे हात चालू होते, डोळे मात्र लेकाच्या चेहऱ्यावर. त्याच्या बोटांतून एकेक खिळा खाली पडू लागला, आणि ते त्याच्या ध्यानातही नव्हतं.

"काय झालं?" वहिनीनं विचारलं.

"विमान सुटलं," दादा म्हणाला. "तिला त्यात बसवलंय."

"कुठल्या विमानात?"

"तिकडच्या."

माईंनी कात्री खाली ठेवली. उसवलेली खोळ घडी करून बाजूला सारली.

तिकडे म्हणजे कुठे, हे त्या घरात कुणाला सांगावं लागत नव्हतं. तिकडे, समुद्रापलीकडच्या मायदेशी, बेबीचा नवरा होता, फौजदार. त्याच्या घरातून ती एकदा जीव वाचवून पळाली होती, कडेवर लेकीला, चिऊला घेऊन, पायात चप्पलसुद्धा नव्हती. इथल्या न्यायाधीशानं तिचं सगळं म्हणणं ऐकलं, तिच्या पाठीवरचे वण डॉक्टरांकडून तपासून घेतले आणि स्वच्छ हुकूम दिला, की ह्या बाईला तिकडे कधीही पाठवायचं नाही, तिथं तिच्या जिवाला धोका आहे. तेव्हापासून दरवर्षी एकदा कचेरीत जाऊन हजेरी द्यायची, एवढंच तिच्या मागे होतं. ह्या वेळी ती हजेरीला आत गेली आणि बाहेर आलीच नाही. चिऊ दाराशी उभी राहिली होती. मागच्या फाटकातून काळ्या काचांची गाडी गेली ती तिनं पाहिली, पण आत आपली आई असेल असं तिच्या मनातही आलं नाही. तेव्हापासून पोरगी धड जेवली नव्हती.

"पण हुकूम आहे ना!" वहिनी म्हणाली. "न्यायाधीशांचा हुकूम आहे!"

"कचेरीवाले म्हणतात, यादीत चुकून नाव गेलं." दादा खुर्चीच्या हातावर बसला. "चुकून! मी चुकून कुणाच्या सोफ्याला दुसरं कापड लावलं तर गिऱ्हाईक माझ्या अंगावर धावून येतं. आणि हे..."

वकीलबाई न्यायाधीशांकडे धावल्या होत्या. विमान दुपारी उतरणार होतं.

कारखान्याचं दार ओढून घेऊन सगळे वरच्या खोलीत गेले. चिऊ खिडकीशी उभी होती. तिनं मामाच्या तोंडाकडे पाहिलं. माईंनी तिला जवळ ओढलं. सतरा वर्षांची, आजीपेक्षा वीतभर उंच पोर, पण आजीच्या खांद्यावर डोकं ठेवायला गुडघे वाकवून उभी राहिली.

"उतरल्यावर काय?" वहिनीनं विचारलं. "तिथं बाहेर कोण असणार?"

तिकडे आता त्यांचं एकच माणूस होतं, माईंचा धाकटा लेक, आणि त्याचं नाव ह्या घरात घ्यायचं नाही असा दादाचा दंडक होता.

"भाऊजींना सांगू या," वहिनी म्हणाली.

"त्याचं नाव काढू नकोस."

"मग तुम्ही जाता?"

"म्हटलं ना, नाव काढायचं नाही!" दादा ओरडला. "बाळ्याला सांगणं म्हणजे फौजदाराला सांगणं. त्याची बसवरची नोकरी कुणी लावून दिली? तिच्या मारहाणीच्या चौकशीत 'माझी बहीण डोक्यानं कमी आहे' असं कुणी सांगितलं? सख्ख्या बहिणीबद्दल! आणि त्याच्या हातात तिला द्यायची?"

सगळं खरं होतं. धाकट्यानं ते सांगितल्याचं कळलं त्या दिवशी माईंनी फोन ठेवला होता, तो पुन्हा उचलला नव्हता. तेव्हापासून कुणी विचारलं की किती मुलं, तर त्या क्षणभर अडखळत आणि मग खरा आकडा सांगत.

"धाकटी म्हणते, ते तसे राहिले नाहीत आता," वहिनी हळूच म्हणाली.

दादा वळला. "कोण म्हणते?"

"धाकटी. त्यांची बायको."

"तुला कसं कळलं?"

वहिनीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, मग सोडलं. "आम्ही बोलतो. अधूनमधून."

"माझ्या पाठीमागे?"

"पाठीमागे कशाला? स्वयंपाकघरात. तुम्ही तिथं पाऊल टाकत नाही म्हणून दिसलं नाही."

एरवी ह्यावर माईंना हसू आलं असतं. दादाचा चेहरा लालबुंद झाला. "चिऊ, ऐकतेस ना तुझ्या मामीचे प्रताप?"

चिऊ खाली बघत म्हणाली, "मला माहीत होतं, मोठे मामा. मामी मला फोटो दाखवते त्यांच्या पोरांचे."

"माई, तू तरी सांग ह्यांना!"

माई गप्प राहिल्या. त्यांनीही एकदा सुनेच्या फोनवर दोन अनोळखी पोरं पाहिली होती. त्यातल्या थोरल्याचं कपाळ बघूनच ती कुणाची ते कळलं होतं. त्यांनी काही विचारलं नव्हतं. फक्त त्या दिवशी सुनेच्या हातून फोन घेऊन, चष्मा पुसायच्या निमित्तानं, तो जरा जास्त वेळ धरून ठेवला होता. दादाला ते त्यांच्या गप्प बसण्यातूनच समजलं. तो एकदम भिंतीला टेकला. इतकी वर्षं आपण दार लावून राखण करत बसलो आणि घरातल्या बायका खिडकीतून ये-जा करत होत्या, असं काहीसं त्याच्या चेहऱ्यावर उमटलं.

"मामा," चिऊ म्हणाली. शब्द सुटे सुटे येत होते. "कचेरीवाले विमानातल्या माणसांची नावं तिकडच्या पोलिसांना आधीच कळवतात. वकीलबाईंनी मला सांगितलं होतं. म्हणजे त्या माणसाला कळलंच असणार. आपण लहान मामाला सांगितलं काय नि नाही काय, त्याला आधीच ठाऊक आहे. ठाऊक नाही ते फक्त आईला, की बाहेर कोण उभं आहे."

जन्मदात्या बापाला ती 'तो माणूस' म्हणे. दुसरा शब्द तिला कुणी शिकवलाच नव्हता.

दादानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"सूनबाई," माई म्हणाल्या, "लाव फोन. मी बोलते."

वहिनीनं फोन मोठ्या आवाजावर लावला; पलीकडे घंटा वाजत राहिली. माईंना वाटलं, उचलू नये त्यानं. आणि वाटलं, उचलावं. मग खडखडाट ऐकू आला, मोठ्या गाड्यांची इंजिनं, कुणीतरी शिट्टी मारत होतं.

"वहिनी, आता नको, मी डेपोत आहे."

"बाळ्या, मी बोलतेय."

तो इंजिनांपासून लांब चालत गेला.

"माई?" तो म्हणाला. आवाज जाडा झाला होता, बापासारखा. "माई, तू?"

"बेबीला तिकडे धाडलंय रे. विमानात आहे ती."

"ठाऊक आहे."

माईंनी डोळे मिटले.

"सकाळी फौजदारसाहेबांचा फोन आला होता," धाकटा खालच्या आवाजात बोलू लागला. "म्हणाले, तुझी बहीण येतेय, जाऊन घेऊन ये. मला बघून तमाशा करील, भाऊ दिसला की मुकाट चालू लागेल. तुझ्या घरी आण. मी तिथंच बसतो, म्हणाले."

"आणि तू काय म्हणालास?"

"हो म्हणालो. त्यांना नाही कोण म्हणतं, माई?"

दादानं हात पुढे केला. "दे इकडे! दे म्हणतो!" माईंनी त्याच्याकडे पाठ फिरवली.

"आता कुठं आहे तो?"

"माझ्या घरी. खुर्चीत बसलेत. ही पोरांना घेऊन आतल्या खोलीत आहे. पोरं आहेत माझी, माई. दोन. तू पाहिली नाहीस."

माईंना पुष्कळ बोलायचं होतं. इतक्या वर्षांत त्यांनी मनातल्या मनात त्याला किती वेळा झोडपून काढला होता, एकेक वाक्य घासूनपुसून तयार होतं. त्यातलं एकही तोंडात आलं नाही.

"बाळ्या, मी भांडायला फोन केला नाही," त्या म्हणाल्या. "तुझ्या पोरांना काही होणार नाही असं मी इथं बसून कसं सांगू? खोटं ठरेल. बेबीचं काय होईल ते मात्र मला माहीत आहे. तुलाही माहीत आहे. तिला दवाखान्यात तूच नेलं होतंस त्या वेळी."

"माई..."

"ती डोक्यानं कमी नव्हती."

"नाही," धाकटा म्हणाला. फार हळू. "नव्हती."

पलीकडे कुणीतरी त्याला हाक मारली. त्याचा आवाज एकदम कोरडा झाला, परक्या माणसाशी बोलावा तसा. "हो, हो. माझी लांबची गाडी आहे आज. ठेवतो."

फोन बंद झाला.

"ऐकलंस?" दादा म्हणाला. "गाडी आहे म्हणे! बहीण मरायला टेकली आणि ह्याला ड्युटी आठवली!" आणि एवढा मोठा बाप्या माणूस हुंदके देऊन रडू लागला. वहिनीनं जाऊन त्याच्या पाठीवर हात ठेवला. मघाशी भांडलेली दोघं एकमेकांना धरून उभी राहिली.

माईंच्या मनात एकच विचार घुमत होता. आपण बेबीला त्याच्या हाती दिली. फोन केला नसता तर निदान आपल्या हातून ते झालं नसतं. पुन्हा फोन लावला तर धाकट्याचा फोन बंद. धाकटीचाही बंद.

दुपार झाली. विमान उतरायची वेळ आली आणि गेली. खालच्या रस्त्यावर शाळा सुटली, गलका झाला, ओसरला. गिऱ्हाईक दार ठोठावून परत गेलं. जिन्यावर पाऊल वाजलं की सगळे दाराकडे बघत.

शेवटी वकीलबाई आल्या. अंगावर कोर्टातला काळा डगला तसाच, केस विस्कटलेले. त्या पाणी प्यायल्या आणि मग बोलल्या.

"न्यायाधीश खूप संतापले. तिला ताबडतोब परत आणा असा हुकूम काढलाय. सरकारी वकिलानं चूक कबूल केली. पण म्हणतो, ती आता तिकडच्या जमिनीवर आहे, आमच्या ताब्यात नाही."

"चूक कबूल आहे ना?" माई म्हणाल्या. "मग परत आणायला काय झालं?"

"पाठवायला एका साहेबाची सही पुरते, माई. परत आणायला कुणाची लागते, हे त्या इमारतीत कुणालाच माहीत नाही."

तेवढ्यात माईंचा फोन वाजला. नंबर तिकडचा होता. धाकट्याचा नव्हता.

माईंनी फोन मोठ्या आवाजावर ठेवला.

"नमस्कार करतो, माई," पलीकडून आवाज आला. मऊ, अदबीचा. चिऊनं तो कळत्या वयात ऐकला नव्हता, तरी ती भिंतीला चिकटली. "ओळखलंत ना?"

"जावईबापू," माई म्हणाल्या. इतकी वर्षं नंबर बदलत राहिलो, पत्ता कुणाला दिला नाही. ह्याच्यापाशी सगळं होतं तर!

"तब्येत बरी ना? त्रास देतोय. बाळ्याचा काही फोन? सकाळपासून त्याच्या घरी येऊन बसलोय. फोन उचलत नाही. विमानतळावर माझ्या माणसांनी बेबीला त्याच्या हवाली केलं म्हणतात, पण दोघं अजून पोहोचली नाहीत. त्याची बायको पोरांना घेऊन औषध आणायला म्हणून गेली, तिचाही पत्ता नाही. एवढ्या मोठ्या घरात मी एकटाच."

माईंना आधी काही कळलंच नाही. मग त्यांनी वहिनीकडे पाहिलं. वहिनीनं तोंडावर हात दाबून धरला होता. दादाचे डोळे विस्फारले होते. बेबी त्याच्याकडे नव्हती. त्याला ती कुठं आहे हे ठाऊक नव्हतं, आणि ते तोच त्यांना विचारत होता.

हा आनंद आवाजात येता कामा नये. आणि हा माणूस त्या खुर्चीत जितका वेळ बसून राहील तितकं बरं. माईंनी एक हात छातीवर घट्ट धरला.

"कोण पोहोचली म्हणता?" त्या मोठ्यानं म्हणाल्या. "जरा जोरात बोला हो. मला हल्ली ऐकू येत नाही."

"बेबी, माई. बेबी."

"बेबी इथं कचेरीत आहे ना? आम्ही वाट बघतोय तिची. तुमच्या आईंचे गुडघे कसे आहेत आता?"

"गुडघे?"

"फार दुखायचे त्यांना. माझेही तसेच झालेत. डॉक्टर म्हणतात, चाला. दुखतात म्हणून गेलं तर म्हणे चाला! त्यांना कुठलं औषध चालू आहे?"

तो थांबला. थोरामोठ्यांशी अदबीनं बोलायची त्याची खोड होती, चारचौघांत तिच्यामुळेच त्याचं नाव होतं. तो औषधाचं नाव सांगू लागला. माईंनी ते दोनदा विचारलं. मग त्याच्या थोरल्या बहिणीची चौकशी केली, तिच्या मुलाच्या लग्नाची, बदली कुठं झाली त्याची. बोलताना त्यांचा पाय सारखा हलत होता. चिऊनं आजीचा हलणारा पाय दोन्ही हातांनी धरून ठेवला.

"माई," मध्येच तो म्हणाला, आणि अदब तीच राहिली, फक्त ऊब गेली. "तुम्ही मला बोलण्यात गुंतवताय."

माईंनी चिऊच्या डोक्यावर हात ठेवला.

"हुशार आहात. बरं आहे. मी येईन एकदा तिकडे, सगळ्यांना भेटायला. चिऊ मोठी झाली असेल." आणि फोन ठेवला.

चिऊ उठून मोरीकडे धावली. तिच्या ओकाऱ्यांचा आवाज येत राहिला. दादानं खाली जाऊन कारखान्याच्या दाराला आतून कडी घातली, मग कडीला कुलूप घातलं. ह्या माणसाला समुद्र ओलांडून यायला वेळ लागेल हे त्याला कळत होतं. तरी त्यानं कापडाचे ताके दाराशी सरकवून ठेवले.

दिवे लागायच्या सुमारास वहिनीचा फोन वाजला. धाकटी होती. आधी नुसतीच रडत होती, मग भराभरा सांगू लागली. धाकट्यानं बेबीला विमानतळावरून उचललं ते थेट डेपोत नेलं आणि सीमेकडे जाणाऱ्या आपल्याच बसमध्ये, उतारूंच्या गर्दीत मागच्या सीटवर बसवलं. पुढच्या थांब्यावर धाकटी पोरांना घेऊन चढली. प्रत्येक नाक्यावर तो पोलिसांशी रोजच्यासारखं हसून बोलला. शेवटच्या डेपोत गाडी लावली, किल्ली खिडकीतून आत दिली, आणि पाचही जणं बाजाराच्या बायकांबरोबर चालत पलीकडच्या देशात गेली. तिथं एका धर्मशाळेत होती.

"बेबीताईंशी बोला," ती म्हणाली.

"माई," बेबी म्हणाली. आवाज ओळखू येत नव्हता. "मला वाटलं, तो मला त्याच्याकडेच नेतोय. सबंध रस्ताभर तसंच वाटत होतं. मी खिडकीतून उडी मारायला बघत होते. गाडी वेगात होती म्हणून..." मग तिनं विचारलं, "चिऊ कुठं आहे?"

चिऊनं फोन घेतला आणि तो कानाशी धरून कोपऱ्यात जाऊन बसली. तिला कुणी उठवलं नाही.

वकीलबाईंनी भराभर मनाशी आखणी केली. पलीकडच्या देशात इकडची वकिलात आहे, न्यायाधीशांचा हुकूम उद्या सकाळीच तिथं पोहोचवायचा, बेबीला तिच्या दाराशी नेऊन उभी करायची. महिने लागतील कदाचित, पण आणता येईल. त्या पहिल्यांदाच खुर्चीवर नीट बसल्या.

"आणि भाऊजी?" वहिनीनं विचारलं. "त्यांना परत जाता येणार नाही."

"नाही," वकीलबाई म्हणाल्या. "आता मुळीच नाही."

मग दादा बोलला. भिंतीकडे बघत, घसा खाकरून. "खालची मागची खोली रिकामी करता येईल. फोमचे गठ्ठे वर हलवले तर चौघं मावतील."

माई उठून वकीलबाईंच्या समोर जाऊन बसल्या. त्यांनी त्यांचा हात हातात घेतला.

"बाई, माझ्या धाकट्याच्याही जिवाला आता धोका आहे," त्या म्हणाल्या. "त्याला मिळेल का हो तसा हुकूम? बेबीला दिला होता तसा?"

वकीलबाईंनी मोकळ्या हातानं डगल्याच्या खिशातला बेबीचा हुकूम चाचपला. खोलीत सगळ्यांनी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. माई मात्र हात न सोडता, उत्तराची वाट बघत बसून राहिल्या.